चपला सांभाळणारी दादी

सोलापूरकरांची सहल म्हणजे बहुतेक वेळा विजापूर. अंतर शंभरेक किलोमीटर, सकाळी निघून रात्री घरी. दादा-दादी, मुलगा-सून, नणंद आणि तीन-चार वर्षांचं शेंडेफळ, सगळे एका गाडीत दाटीवाटीने मावतात. गोलघुमटापाशी पोचल्यावर मात्र घराचे दोन भाग पडतात. तरणी माणसं कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे सात मजले चढून वरच्या सज्जात जातात. दादी खाली पायरीवर बसते. मांडीवर पेंगुळलेलं लेकरू, शेजारी पिशव्या आणि सगळ्यांच्या चपला. "मैं यहींच बैठती, तुम लोगां जाके आओ," असं तिनेच म्हटलेलं असतं, त्यामुळे कोणाला काही टोचतही नाही.

सुटीनंतर आम्ही वर्गात 'मी पाहिलेले ठिकाण' हा निबंध देतो. बहुतेक वह्यांत मुहम्मद आदिलशहा, १६५६ साल आणि घुमटाचा सुमारे ४४ मीटर व्यास असतो. हे फलकावरून उतरवलेलं असतं, ते लगेच कळतं. एका मुलीने मात्र लिहिलं होतं, 'दादी खाली होती. तिला आवाज ऐकू आला नाही. मी घरी येऊन तिला तसा आवाज काढून दाखवला.' तो निबंध तपासताना मी शुद्धलेखन पाहिलं नाही.

दादीला सहलीला नेणं वेगळं आणि लेकरू सांभाळायला नेणं वेगळं. आपल्याकडे दुसऱ्यालाच पहिलं म्हणायची सवय आहे. यावर उपाय फार अवघड नाही. गोलघुमट पाळीपाळीने पाहावा. आधी बायका वर जाऊन येतील, तोवर पोराचा बाप पोराला घेऊन खाली बसेल. मग पुरुष जातील. चार वर्षांच्या लेकराला वर नेण्यात अर्थही नाही. तिथला प्रत्येक आवाज पुन्हा पुन्हा उमटतो, त्यात शाळांच्या सहली आल्या असतील तर लहानगं घाबरून रडतं आणि ते रडणंही पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं.

मग उरलेला निवांत वेळ इब्राहिम रोजाला द्यावा. तिथे चौथऱ्यावर चढायच्या पायऱ्या आहेत, पण हात धरून चढता येतात. एका बाजूला मकबरा, समोर मशीद, भोवती हिरवळ. म्हातारं माणूस आणि लहान मूल यांचं घड्याळ एकच असतं: तासाभराने बसायचं, थोडं खायचं, दुपारी डुलकी. दोघांनाही अशीच जागा लागते. आणि इथे सांगायला गोष्टही आहे. सोलापूरच्या भुईकोटावरून येता-जाता बोट दाखवणाऱ्या मुलाला सांगावं की १५६४ साली अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली लेक चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून गेला. (हे ऐकून कोणाच्या सासरच्यांना नव्या कल्पना सुचू नयेत.) पुढे १५८० मध्ये अली आदिलशहा मारला गेला आणि गादीवर बसला त्याचा पुतण्या इब्राहिम, अवघा नऊ वर्षांचा. त्याला सांभाळलं या चुलतीने. त्याच पोराची कबर या रोजात आहे. ही गोष्ट दादीने सांगितली तर लेकरू शेवटपर्यंत ऐकतं. आदल्या रात्री तिला आठवण करून दिली की पुरे. दुसऱ्या दिवशी त्यात ती स्वतःच्या चार गोष्टी मिसळतेच.

आता जरा संकोचाची गोष्ट. आपल्या कितीतरी वयस्क बायका प्रवासात मुद्दाम पाणी पीत नाहीत. वाटेत सोय कुठे मिळेल, कोणाला सांगायचं, पुरुषांसमोर गाडी कशी थांबवायची, एवढ्याच भीतीने. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या बाईने उन्हात दिवसभर असं कोरडं राहणं धोक्याचं आहे. सुनेनेच दर दीड तासाने "मला जायचंय" म्हणून गाडी थांबवावी. दादी आपोआप मागे उतरते. त्याच थांब्यावर वुजू आणि नमाजही उरकते. मे महिन्यात तर हा बेतच नको, दिवाळीची सुटी बरी.

जेवणासाठी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही एवढं पुरे. पहाटे तीनला उठून बिर्याणीचं पातेलं गाडीत चढवणाऱ्या घरांत सहल फक्त बाकीच्यांची होते.

रेल्वेने जायचं असेल तर पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती गृहीत धरू नका. स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो.

आणि निघण्याआधी दादीला विचारा, तुम्हाला कुठे जायचंय. पहिल्यांदा उत्तर ठरलेलं: "तुम लोगां जिधर बोले उधर." दुसऱ्यांदा विचारा, ती एकटी असताना. मग कदाचित हळूच निघेल, "आते वक्त मेरे बहन के घरकू जरा रुकेंगे क्या?" विजापुरात दिलेली बहीण, तीन वर्षांत भेट नाही. हे थांबणं ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि ते सकाळीच घ्या. परतीवर ठेवलं की अंधार पडतो, पोर किरकिरतं आणि सगळ्यात आधी तेच रद्द होतं.