सायकल की मोटरसायकल? दोन्ही!

मला सायकलही आवडते आणि मोटरसायकलही. यात खरं तर सांगण्यासारखं काही नाही. एखाद्याला पुरणपोळीही आवडते आणि मिसळही आवडते, तसंच हे. पण आमच्या सायकलवाल्या मित्रांना ते खटकतं आणि गाडीवाल्या मित्रांना त्याचं हसू येतं. सायकलवाले विचारतात, "पेट्रोलच जाळायचंय तर आमच्याबरोबर पहाटे पाचला कशाला उठतोस?" गाडीवाले म्हणतात, "इंजिनाचा शोध लागून शंभर वर्षं उलटली, तुला कोणी सांगितलं नाही का?" घरच्यांची तिसरीच तऱ्हा. आत्या म्हणते, पन्नाशी उलटली, आता मोटरसायकल विक आणि सायकल ठेव. सासरे म्हणतात, या ट्रॅफिकमध्ये सायकल कसली चालवता, ती विका. गाडी निदान चटकन पुढे तरी निघते. काहीतरी एक विकायला हवं यावर मात्र दोन्ही घरांचं एकमत आहे. दोन्ही घरांचं एकमत व्हायचे प्रसंग तसे कमीच :-)

तेव्हा म्हटलं, सगळ्यांना एकदमच उत्तर देऊन टाकावं.

पहिली गोष्ट म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली या माणसाने 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मध्ये पायडल, मागच्या चाकाला चेन. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. त्याच १८८५ साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख या जोडीने एका लाकडी सांगाड्याला इंजिन बसवलं, आणि ती मोटरसायकलची पणजी ठरली. तीन वर्षांनी डनलॉपने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं आणि दोघींचीही हाडं खिळखिळी व्हायची थांबली. पुढेही बहुतेक मोटरसायकली सायकलवाल्यांच्याच घरात जन्मल्या. रॉयल एनफिल्ड आधी सायकली बनवायची, १९०१ मध्ये मोटरसायकलकडे वळली. ट्रायम्फचंही तसंच. आपल्याकडे लुधियानाच्या हीरोने १९५६ मध्ये सायकलींचा कारखाना काढला आणि १९८४ साली होंडाशी हातमिळवणी करून मोटरसायकली सुरू केल्या.

आणि पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको, कारण दोघींच्या बरोबर मधली बहीण आपल्या गावाने जवळून पाहिली. लूना! १९७२ सालची, पन्नास सीसीची. पायडल मारून सुरू करायची, आणि पेट्रोल संपलं की पायडल मारत घरी न्यायची. (पेट्रोल संपलेली लूना पायांनी रेटणं हा व्यायामप्रकार ज्याने केलाय त्यालाच कळेल.) पुणं सायकलींचं शहर होतं ते दुचाकींचं शहर झालं, त्यात लूना आणि त्याच साली आलेली चेतक या दोघींचा वाटा मोठा. आमच्या कितीतरी घरांत सायकल जिन्याखाली गेली ती याच काळात. आणि तेव्हाच एक समज पक्का झाला: सायकल ही गाडी घेईपर्यंतची सोय. गाडी आली की सायकलचं काम संपलं. म्हणजे जणू पायरी चढलो, आता खालची पायरी काढून टाकली तरी चालेल.

माझा आक्षेप आहे तो याला. सायकल ही गरिबाची मोटरसायकल नव्हे आणि मोटरसायकल ही आळशाची सायकल नव्हे. दोघींचं काम वेगळं, सुखही वेगळं.

सिंहगडाचंच घ्या. पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा घाट. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी-पंच्याऐंशी किलो वजन सहाएकशे मीटर वर न्यायचं. माझ्यासारखा साधारण तब्येतीचा माणूस फार काळ टिकवू शकतो ती ताकद शंभर वॅटच्या आसपास, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी! गणित मांडलं तर सव्वा ते दीड तास लागतो, आणि खरंच तेवढाच लागतो. त्या दीड तासात रस्ता पायांना पाठ होतो. कुठल्या वळणावर चढ अंगावर येतो, कुठे दहा पावलांपुरता उसासा टाकता येतो, कुठे सावली आहे, कुठे करवंदाच्या जाळ्या आहेत. बाजूने चालत चढणारे आजोबा आपल्याला ओलांडून जातात आणि वर "चला, चला" असा धीरही देतात. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही जे लागतं, ते गाडीने गेलेल्याला त्या चवीचं लागणं शक्य नाही. हे अनुभवाचे बोल आहेत, कारण मी दोन्ही प्रकारे जातो.

मग गाडी कशाला? तर कोकणासाठी. शंभर सीसीच्या साध्या गाडीचं इंजिन सहा हजार वॅटच्या आसपास ताकद देतं, म्हणजे माझ्यासारखे साठ जण एका वेळी पायडल मारताहेत असं समजा. या साठ जणांच्या जोरावर सकाळी पुण्याहून निघून ताम्हिणीतून उतरायचं आणि संध्याकाळी समुद्र. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवायची, पलीकडे धोपाव्याला उतरायचं. पुढे तवसाळहून जयगडला पुन्हा तेच. खाडी ओलांडताना गाडीला टेकून उभं राहायचं, शेजारी एखादी टेम्पोभर माणसं लग्नाला निघालेली असतात. घाट उतरताना हवा कशी जाड होत जाते, वास कसे बदलतात, ओल्या मातीचा, मग काजूचा, मग सुकटीचा, हे चारचाकीच्या काचेमागे कळत नाही. सायकलवर हे सगळं कळतं, पण माझ्या रजेत आणि माझ्या गुडघ्यांत ते अंतर बसत नाही. मोटरसायकल मला अंतर देते, सायकल मला रस्ता देते. मला दोन्ही हवंय.

शिवाय दोघींचा मूळ आनंद एकच आहे, तोल सांभाळण्याचा. चारचाकी वळवायची असते, दुचाकी कलवायची असते. गंमत बघा, वेगात असताना उजवीकडे वळायचं तर हँडल आधी क्षणभर किंचित डावीकडे जातं, मग गाडी उजवीकडे झुकते आणि वळते. सायकललाही हेच, पाच लाखांच्या मोटरसायकललाही हेच. आपण सातव्या वर्षी भाड्याच्या सायकलवर गुडघे फोडून हे शिकलो आणि शिकलो हे आपल्याला माहीतही नाही. डोक्याला न कळता अंगाने केलेला हा अभ्यास आहे. तो आयुष्यभर पुरतो.

आता थोडं कडू बोलतो. नुसती सायकल चालवणारा माणूस हळूहळू सोवळ्यात जातो. आपण धूर सोडत नाही म्हणजे आपल्याला सिग्नलही लागू नाही असं त्याला वाटायला लागतं. उलट्या बाजूने येतो, रात्री मागे लाल दिवा लावत नाही, आणि कोणी बोललं तर पर्यावरणावर भाषण देतो. नुसती गाडी चालवणाऱ्याचा कान जातो आणि घाई येते. त्याला पुढचा सायकलवाला म्हणजे रस्त्यातला खड्डा वाटतो. चुकवायचा आणि पुढे जायचं. कोपरापासून वीतभर अंतरावरून सत्तरच्या वेगाने गाडी गेली की सायकल कशी हलते, हे त्याला ठाऊकच नसतं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा मार चौपट होतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात त्यानेही वाचलेलं असतं, पण अंगावर घेतलेलं नसतं.

दोन्ही चालवणाऱ्याला ही दोन्ही दुखणी जडत नाहीत असं माझं मत आहे, आणि या लेखात मला खरं म्हणायचंय ते हेच. सायकलला आरसा नसतो, म्हणून कान तयार होतात. मागून येणारी एसटी, ट्रक, रिक्षा आवाजावरून ओळखता येतात. नजर जमिनीवर राहते: खडी, सांडलेलं ऑइल, ओल्या रस्त्यावरचा पांढरा पट्टा, उभ्या मोटारीचं कधीही उघडू शकणारं दार. ही नजर मोटरसायकलवर फुकट मिळते. उलट मोटरसायकल शिकवते ती लांबचं बघायला, आरशात बघायला, दुसरा आता काय करणार याचा अंदाज बांधायला, आणि आपण दिसतोय ना याची खात्री करायला. ती सवय सायकलवर जीव वाचवते.

जीव हा शब्द मुद्दाम वापरला. आत्याची भीती खोटी नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातली ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची होती. हा आकडा वाचून मला काही होणार नाही असं म्हणणारा माणूस मूर्ख. मी माझ्यापुरते नियम केलेत. अंधार पडल्यावर हायवेवर गाडी नाही. हेल्मेट दोन्हींवर, कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही. (पुण्यात राहून हेल्मेटची बाजू घेणं म्हणजे काय, ते पुणेकर जाणतात.) दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर नाही. झोप झाली नसेल तर बेत रद्द, मग बरोबरचे काहीही म्हणोत. पण 'भीती आहे म्हणून विकून टाक' हे मला पटत नाही. विकल्याने रस्ता सुधारत नाही, रस्त्यावरचा एक सावध माणूस तेवढा कमी होतो.

रस्त्याचंही बोलायलाच हवं. पुण्यात सायकल ट्रॅक आहेत, म्हणजे काही ठिकाणी आहेत. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडाही मंजूर केला. त्या सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, लोकांनी हौसेने फोटो काढले, आणि काही वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. ट्रॅकवर काय असतं? उभ्या केलेल्या मोटरसायकली, आणि सिग्नलला वाट न बघता घुसलेल्या चालत्या मोटरसायकली. सायकलवाले म्हणून चिडणारे आणि गाडीवाले म्हणून घुसणारे आपण वेगळे लोक आहोत असं समजून हा प्रश्न सुटणार नाही. एकाच घरातली माणसं आहेत ही. सकाळी सायकलवर तक्रार करायची आणि दहा वाजता ऑफिसला उशीर झाला म्हणून त्याच ट्रॅकवर गाडी घालायची, हे चालणार नाही. आणि एक लक्षात घ्या: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकललाही बंदी आहे आणि मोटरसायकललाही. मोठ्यांच्या पंगतीत दोघी बहिणींना पाट नाही. मग खालच्या रस्त्यावर तरी एकमेकींना जागा द्यायला काय हरकत आहे? सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडा. जमत नसेल तर अर्धा मिनिट मागे राहा. जगात कुठलीही मीटिंग त्या अर्ध्या मिनिटाने बुडत नाही.

खर्चाचं थोडक्यात: सायकलचं देखभालीचं काम मी घरीच करतो. चेन पुसायची, तेल द्यायचं, पंक्चर काढायचं. बादलीतल्या पाण्यात ट्यूब फिरवून बुडबुडे शोधायला मला अजूनही आवडतं. गाडी वेळच्या वेळी मेकॅनिककडे. वर्षभराचं दोन्हींचं मिळून जे होतं ते एखाद्या लांबच्या सहलीच्या पॅकेजहून कमीच भरतं. तेव्हा पैशाचा मुद्दा बाद.

आता खरं कारण सांगतो, हे सगळं आत्ताच का लिहिलं. भाच्याला पुढच्या महिन्यात अठरावं लागतंय. त्याला दोनशे सीसीची गाडी हवीय, आणि ताईने माझं मत विचारलंय. भाचा सोसायटीच्या आवारात सायकल चालवायला शिकला आणि आठवीपासून रिक्षाने क्लासला गेला. रहदारीच्या रस्त्यावर तो सायकल कधी चालवलेलाच नाही. तर ताई, माझं मत असं: गाडी जरूर घेऊन दे, पण एक पावसाळा थांबून. तोवर त्याला गिअरची साधी सायकल दे आणि रोज कॉलेजला त्यावर जाऊ दे. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता बसच्या शेजारून सायकल चालवलेला मुलगा मोटरसायकलवर बसला की वेगळा वागतो. त्याला माहीत असतं, की ज्याला आपण ओलांडतोय तो कोणीतरी माणूस आहे, आणि त्याचा तोल आपल्या हातात आहे.

भाचेबुवा, तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. रविवारी पहाटे साडेपाचला ये, सिंहगडला जाऊ. जाताना सायकलने. पिठलं-भाकरी माझ्याकडून. पुढच्या वर्षी तुझी गाडी आली की दाभोळच्या फेरीबोटीचं तिकीटही माझ्याकडून.

सायकल विकत नाहीये. मोटरसायकलही विकत नाहीये. आत्या, तू रागावू नकोस.