चारशे किलोमीटर आणि एक तास

उत्तर जर्मनीतील ब्राउनश्वाइग हे नाव आपल्या बेटावर फारसे कुणी ऐकले नसेल. परंतु जवळचे वोल्फ्सबुर्ग हे फोक्सवागन मोटारींचे माहेर आहे, आणि त्या मोटारी आपल्या रस्त्यांवरही दिसतात. या दोन नगरांचा मिळून एक लहान विमानतळ आहे. दोन विमानतळांमधील अंतर नुसत्या किलोमीटरांनी मोजता येत नाही, हा धडा तेथे चांगला शिकावयास मिळतो.

ब्राउनश्वाइगहून दक्षिणेस इंगोल्स्टाटपर्यंत आकाशमार्गे सुमारे ४०० किलोमीटर अंतर आहे. रस्त्याने ते ५०० च्या पुढे जाते आणि मोटारीला पाच तासांहून अधिक लागतात. इंगोल्स्टाट येथे फोक्सवागन समूहातील ऑडी कंपनीचे मुख्य ठाणे आहे. त्यामुळे या दोन गावांमध्ये कंपनीच्या माणसांची ने-आण लहान विमानांनी अनेक वर्षे होत आली. ताशी ६०० किलोमीटर वेग, तर ४०० किलोमीटरांस ४० मिनिटे, असे आपला विद्यार्थी पाटीवर लिहील. गणित बरोबर, पण उत्तर अपुरे. विमान आधी धावपट्टीपर्यंत जाते, मग वर चढते आणि उतरताना वेग कमी करते. ती मिनिटे धरली की प्रवास तासाभराचा होतो.

परंतु हे विमान सर्वांसाठी नव्हे. तिकीट काढून बसावे अशी नियमित सेवा ब्राउनश्वाइगला नाही. सामान्य माणूस साठेक किलोमीटरांवरील हानोव्हरचा विमानतळ गाठतो. तरीही धावपट्टी १६८० मीटरांवरून २३०० मीटर करण्यात आली. त्यासाठी २०१० साली जवळचे जंगल तोडले गेले आणि २०१२ साली ती वापरात आली. रहिवाशांनी विरोध केला. कारखाने आणि विमानविद्येचे संशोधन येथे टिकले पाहिजे, असे समर्थकांचे म्हणणे होते. तेही पोकळ नव्हते, कारण जर्मनीचे हवाई वाहतूक खाते आणि एक मोठे विमान संशोधन केंद्र याच गावात आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. प्लेझान्स ते रॉड्रिग्जचे प्लेन कोराय हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. एटीआर विमानाला दीड तास लागतो, बोटीला दिवसाहून अधिक. तेथील धावपट्टी १३०० मीटरांहूनही आखूड असल्याने मोठी विमाने उतरू शकत नाहीत. उपचारासाठी इकडे येणारा रुग्ण आणि सुट्टीत घरी जाणारा विद्यार्थी या दोघांनाही त्याच थोड्या जागांची वाट पाहावी लागते.

फ्रान्सने २०२३ साली, जेथे आगगाडी अडीच तासांच्या आत पोचवते अशा काही देशांतर्गत विमानफेऱ्या बंद केल्या. हा विचार आम्हांला पटतो. मात्र तो समुद्रापलीकडच्या बेटास लावता येत नाही, कारण तेथे आगगाडी नाही आणि रस्ताही नाही.

म्हणून किती दूर आणि किती वेळ, एवढे विचारून थांबू नये. त्या विमानात कोणाला बसता येते, आणि ज्याला बसता येत नाही त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग आहे, हेही विचारावे. ब्राउनश्वाइगच्या माणसाला हानोव्हर आहे. रॉड्रिग्जच्या माणसाला प्लेन कोरायच आहे. लांब धावपट्टीचा हक्क कोणाचा आधी, हे यावरून वाचकांनीच ठरवावे.