लागली की नाही लागली?

मुलांनो, लाकडी पट्टीची तलवार करून तुम्ही कधी ना कधी लढला असालच. मग ठरलेलं भांडण! "तुला लागली, तू मेलास!" "छे, लागलीच नाही, मी चुकवली!" पाच मिनिटांत खोटी लढाई बाजूला राहते आणि खरी सुरू होते. घाव लागला की नाही, हे ठरवायचं कुणी? हसू नका. या प्रश्नावर भल्याभल्या लष्करी अधिकाऱ्यांनी डोकं खाजवलंय.

जर्मनी हा एक देश होण्याआधी तिथे प्रशिया नावाचं मोठं राज्य होतं. तिथल्या रायस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली सैन्यासाठी एक खेळ तयार केला. खराखुरा नकाशा टेबलावर पसरायचा आणि त्यावर पलटणींच्या जागी ठोकळे मांडायचे. दोन्ही बाजूंनी आपापले हुकूम पंचाला द्यायचे. पंच फासा टाकणार, तक्त्यात बघणार आणि कुणाची किती माणसं पडली ते सांगणार. म्हणजे भांडणाला जागाच नाही! पण तक्ते बघता बघता खेळ फार रेंगाळायचा. म्हणून १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्नोआ नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने सुचवलं, की तक्ते नकोत नि फासेही नकोत, अनुभवी पंच सांगेल ते खरं.

'टाइम मशीन' लिहिणारे एच. जी. वेल्स तुम्हाला ठाऊक असतील. त्यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचं पुस्तक लिहिलं. त्यांची युक्ती भलतीच सरळ होती. खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी उडवायची. शिपाई आडवा झाला, की मेला!

या खेळांत एक गोष्ट सारखी होती. शिपाई पडला तर कुणी हळहळत नसे. त्याला नाव नव्हतं, घरदार नव्हतं. एक गेला तर दुसरा होताच. खरी पंचाईत झाली ती पुढे, अमेरिकेत.

तिथे १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचं मध्ययुगीन लढायांच्या नियमांचं पुस्तक काढलं. मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नसन नावाचा तरुण आपल्या मित्रांना जमवून एक वेगळाच खेळ खेळत असे. त्यात प्रत्येकाने सैन्य नाही, तर एकच माणूस व्हायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार. ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक मुलुखात फिरायचं, राक्षसांशी लढायचं, आणि पुढच्या बैठकीला तोच माणूस घेऊन पुढची गोष्ट. लढाईला सुरुवातीला 'चेनमेल'चे नियम वापरले. पण त्यांत एका फाशात निकाल लागायचा. आठवडेच्या आठवडे जपलेला आपला वीर एका फटक्यात खलास! मित्र कुरकुरले. आर्नसन यांनी पुढे गमतीने सांगितलं, की राक्षस एका घावात मेला तर कुणाची तक्रार नसे, फक्त आपण एका घावात मरू नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं. (क्रिकेटमध्ये पहिल्याच चेंडूवर बाद झालेला मुलगा काय म्हणतो ते आठवा.)

यावर तोड कुठे सापडली असेल? जहाजांत! अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या लोखंडी जहाजांवर आर्नसन यांनी आधी एक खेळ केला होता. जहाज काही एका गोळ्याने बुडत नाही. म्हणून प्रत्येक जहाजाला ठरावीक गुण, गोळा लागला की काही गुण वजा, शून्यावर आलं की जलसमाधी. आर्नसन यांनी हेच गुण माणसाला दिले. त्यांना म्हणतात 'हिट पॉइंट्स'. मोबाइलवरच्या खेळात तुमच्या वीराच्या डोक्यावर जी पट्टी असते आणि मार बसला की आखूड होते, ती या जहाजांची नातवंडंच म्हणा ना!

१९७४ साली गायगॅक्स आणि आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आला. पहिल्या खेपेला फक्त १,००० पेट्या. खेळायला वीस बाजूंचा फासा लागे. असे फासे त्या काळी शाळांना साहित्य पुरवणाऱ्यांच्या यादीत मिळत. म्हणजे गणिताच्या तासाची वस्तू राक्षसांच्या गुहेत पोचली! नियम असा : समोरच्याच्या अंगात चिलखत नसेल, तर नवशिक्या योद्ध्याला १० किंवा जास्त दान पडायला हवं. पत्र्याचं चिलखत आणि वर ढाल असेल, तर १७ किंवा जास्त. आता हिशेब करा. पहिल्या वेळी २० पैकी ११ दानं कामाची, दुसऱ्या वेळी २० पैकी चारच. घाव लागला, तर आपला नेहमीचा सहा बाजूंचा फासा टाकायचा आणि पडतील तेवढे गुण समोरच्याचे वजा करायचे.

यावरही वाद झालेच. पुढे पुढे वीराचे गुण इतके वाढत, की तलवारीचे दहा घाव बसले तरी हा आपला उभाच! गायगॅक्स यांनी १९७९ साली खुलासा केला, की हे गुण म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे, घाव चुकवण्याचं कसब आणि नशीबही त्यात धरलंय. मला हा खुलासा पटतो. काहींनी मात्र वेगळी वाट धरली. १९९१ सालच्या 'अँबर' या खेळात फासेच नाहीत, निर्णय पंचाचा. प्रशियातला तो १८७६ सालचा अधिकारी खूश झाला असता.

त्याआधी १९७८ साली 'रूनक्वेस्ट' आला होता. त्यात घाव हाताला बसला की पायाला, हेसुद्धा फाशावर ठरे. समोरच्याला वार अडवता येई आणि चिलखत घावाचा जोर कमी करी. एवढे बारकावे आले कुठून? तो रचणारे स्टीव्ह पेरिन कॅलिफोर्नियातल्या अशा मंडळापैकी होते, जिथे मोठी माणसं खरंखुरं चिलखत घालून एकमेकांशी लढतात. तलवारी मात्र वेताच्या. आणि तिथे लागली की नाही हे कोण ठरवतं, माहीत आहे? पंच बाजूला उभे असतात, फासे नसतातच. ज्याला लागली, तोच सांगतो, "लागली," आणि खाली बसतो.