साहेब गेला, प्लग राहिला

आमच्या सोसायटीच्या सभेत विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगचा विषय या आठवड्यात एकदाचा मार्गी लागला. तीन कोटेशनं आली होती. तिन्हींत पडदा, ॲप आणि जाडजूड केबलला लटकलेली गन. आकडे ऐकून खजिनदारांचा आवाज बसला. मग स्कूटरवाल्या एका काकूंनी विचारलं, "यातली कुठली माझ्या गाडीला बसते?" एकही नाही, तिन्ही गन मोटारींच्या. शेवटी ठरलं ते असं की ज्याची गाडी, त्याच्या पार्किंगच्या जागी सोळा अँपिअरचं एक सॉकेट, एक एमसीबी आणि एक सबमीटर. गेल्या वर्षी मी नेमकं हेच लिहिलं, तेव्हा ज्यांनी मला बैलगाडीच्या जमान्यातला ठरवलं, त्यांची पत्रं मी जपून ठेवली आहेत.

या सोळा अँपिअरच्या सॉकेटला आपण अजूनही 'पंधरा अँपिअर'च म्हणतो. आयएस 1293 या भारतीय मानकात पाचाचे सहा आणि पंधराचे सोळा कधीच झाले, पण दुकानात जाऊन सोळा मागितलं तर काउंटरवरचा पोऱ्या "म्हणजे पंधराच ना?" असं विचारतो. हा गोल पिनांचा प्लग मुळात ब्रिटिशांचा, 1934 च्या बीएस 546 या मानकातला. खुद्द ब्रिटनने 1947 मध्ये चौकोनी पिनांचं, प्लगच्या पोटातच फ्यूज असलेलं नवं मानक काढलं आणि गोल पिनांना घराबाहेरची वाट दाखवली. पंधरावाला तिकडे टिकला तो मुख्यतः नाटकांच्या प्रकाशयोजनेत. आपल्याकडे मात्र गीझर, एसी, फ्रिज सगळं त्याच्याच जिवावर चालतं.

आता त्याच्यासमोर 2017 साल ठेवा. विजेच्या गाड्यांसाठी देशी मानक हवं म्हणून सरकारी समितीने दोन चार्जर ठरवले. त्यांतला पहिला, भारत एसी-001. त्याला तीन सॉकेटं; प्रत्येकातून 230 व्होल्ट, 15 अँपिअर, म्हणजे साधारण 3.3 किलोवॅट. नीट वाचा. आपल्या गीझरच्या बोर्डातून जेवढी वीज मिळते तेवढीच! फरक एवढाच की सॉकेट मात्र कारखान्यात असतं तसं, आयईसी 60309 जातीचं. त्याची पिन कुणाच्या घरी असते? कुणाच्याच नाही. भिंतीत जे आधीच होतं तेच द्यायचं, पण कुणाला लावता येणार नाही अशा बेताने द्यायचं, याला प्रतिभा लागते.

दुसरा, डीसी-001, त्याहून दुर्दैवी. तो होता 15 किलोवॅटपर्यंतचा, पण शंभर व्होल्टांच्या आतल्या बॅटऱ्यांसाठी, कारण तेव्हा सरकारी खात्यांनी घेतलेल्या मोटारी तशा होत्या. 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही आली ती तीनशेहून अधिक व्होल्टांची बॅटरी आणि सीसीएस 2 ची गन घेऊन. जुना चार्जर तिच्या काही कामाचा नव्हता. मानक कागदावर वाळतंय न वाळतंय तोच गाड्या पुढे निघून गेल्या. मोटारींचं भांडण आता जवळपास मिटलंय, सीसीएस 2 जिंकलं. हमरस्त्यावर ते हवंच. कोल्हापूरला निघालेल्या माणसाला सॉकेट दाखवून रात्रभर बसवता येत नाही.

दुचाक्यांचं मात्र अजून मिटलेलं नाही. एथरने आपलं कनेक्टर 2021 मध्ये सगळ्यांना खुलं केलं, 2023 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला आयएस 17017 मध्ये जागा दिली, हीरोच्या विडानेही ते घेतलं. चांगलं झालं. पण बाकीच्यांची आपापली चूल आहेच, आणि प्रत्येक चुलीचं वेगळं ॲप, ॲपमध्ये वेगळं वॉलेट, आणि वॉलेटमध्ये आधी भरून ठेवायचे पैसे. हे सगळं कशासाठी, तर तीन युनिटांच्या बॅटरीसाठी, जी साडेसातशे वॅटच्या घरगुती चार्जरवर चार-पाच तासांत भरते. माणूस झोपतोच तेवढा. तीस युनिटांची मोटारसुद्धा सोळा अँपिअरवर दहा-अकरा तासांत भरते, आणि गावात चालणारी गाडी रोज तळ गाठत नाही.

म्हणून तर स्कूटर विकणारे बहुतेक सगळे, जाहिरातीत कितीही वेगवान चार्जिंगच्या गोष्टी करोत, डब्यात जो चार्जर देतात त्याच्या शेपटाला हीच तीन गोल पिनांची डोकी असतात.

त्यांतली वरची जाड पिन हा माझा जुना जिव्हाळ्याचा विषय, आणि नेहमीच्या वाचकांनी इथे उसासा सोडायला हरकत नाही. ती अर्थिंगची. लांब एवढ्यासाठी की आत जाताना ती आधी टेकावी आणि निघताना सगळ्यांत शेवटी सुटावी. जाड एवढ्यासाठी की करंटच्या भोकात ती शिरूच नये. झडपा असलेल्या सॉकेटात खालची दोन भोकंही तिच्याच धक्क्याने उघडतात. एवढा विचार करून बनवलेल्या वस्तूचं आपण काय करतो? वरच्या भोकात टेस्टर खुपसून खाली दोन पिनांचा प्लग कोंबतो. माझी खात्री आहे, पुरावा नाही, की या देशात टेस्टरचा निम्मा खप याच कामासाठी होतो.

या सॉकेटचं एक दुखणं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. मोटार रात्रभर तेवढाच करंट ओढत राहते. आतल्या पितळी पट्ट्या ढिल्या झालेल्या असतील तर पिना काळ्या पडतात, प्लॅस्टिक पिवळं होतं, मग वितळतं. वायरमन प्लग काढून दाखवतो आणि "कार्बन धरलाय" म्हणतो, ते हेच. तेव्हा मीटरपासून चार स्क्वेअरची तांब्याची वायर स्वतंत्र ओढून घ्या, मधे आरसीसीबी बसवा, आणि एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नका. पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लगच्या प्लॅस्टिकला कोरडा हात लावून बघा. कोमट असेल तर झोपा. चटका बसला तर स्विच बंद करा आणि सकाळी वायरमनला बोलवा. तो सगळ्या देशांच्या पिना घेणारं 'युनिव्हर्सल' सॉकेट घेऊन आला, तर त्याला चहा पाजा आणि सॉकेटसकट परत पाठवा.