वराडकरांचं श्रेय कुणाच्या खाती?

लिओ वराडकर जून २०१७मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी मालवण तालुक्यातलं वराड गाठलं आणि अडतिसाव्या वर्षी तिथवर पोचलेला हा गडी आपलाच, असा निकाल देऊन टाकला. वडील वराडच्या घराण्यातले डॉक्टर, हे खरं. २०१९च्या डिसेंबरात लिओ स्वतः गावी येऊनही गेले. पण कारकीर्द घडली ती तिकडेच. जन्म डब्लिनचा, आई आयरिश, २००४मध्ये फिंगल काउंटीच्या परिषदेवर निवड, २००७मध्ये संसद, मग वाहतूक, आरोग्य, समाजकल्याण ही खाती. पन्नास लाख वस्तीच्या त्या देशाने परदेशी आडनावाच्या माणसाला या पायऱ्या चढू दिल्या, आणि अर्ध्या देशातून माणसं येऊन वसलेल्या भिलाईने त्यातलं पाहण्यासारखं आहे ते हेच.

कुणी म्हणेल, त्यांना जनतेने कुठे निवडलं? आक्षेप वाजवी आहे. पक्षनेतेपदाच्या लढतीत साध्या सदस्यांची मतं प्रतिस्पर्धी सायमन कोवनींना जास्त होती. वराडकरांना तारलं खासदारांनी. २०२०मध्ये त्यांचा पक्ष जागांत तिसरा आला आणि २०२२मध्ये पद परत मिळालं ते आघाडीतल्या आळीपाळीच्या करारामुळे. गर्भपातबंदी उठवणारं २०१८चं सार्वमत ६६ टक्के मतांनी जिंकलं, त्यामागे बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा गर्भपात नाकारल्यानंतर गॉलवेत झालेला मृत्यू होता. मार्च २०२४ची दोन सार्वमतं मात्र सपशेल आपटली आणि त्याच महिन्यात त्यांनी पायउतार होत असल्याचं सांगितलं. यश तसं बेताचंच. पण लोक त्यांच्यावर चिडले ते घरांच्या टंचाईवरून, दवाखान्यांतल्या रांगांवरून. वर्णावरून शेरेबाजी झाली, तरी निवडणूक तिच्यावर फिरली नाही. आपलेपणाचा याहून भक्कम पुरावा मला तरी दिसत नाही.

भिलाईत १९५९मध्ये पोलाद कारखान्याची पहिली धमनभट्टी पेटली. आज सेक्टरमध्ये जन्मलेल्या तिसऱ्या पिढीलाही ‘मूळचे कुठले?’ हे विचारलं जातंच, आणि आपल्या मराठी घरांतही तेलुगू, मलयाळी शेजाऱ्याला तेच विचारतात. छत्तीसगढी माणसाची तक्रार पोकळ नाही. कारखान्यासाठी जमिनी त्याच्या गेल्या. पण ती जमिनीची आणि नोकरीची तक्रार आहे, तिचं उत्तर त्याच भाषेत द्यायला हवं. प्रभागाचं तिकीट वाटताना समाजांची बेरीज मांडली की ती तक्रारही सुटत नाही, नळाला पाणीही येत नाही. भिलाईतल्या खुर्सीपारच्या नगरसेवकाला लोकांनी तुंबलेल्या नालीवरून धारेवर धरावं, आडनावावरून नव्हे. वराडकरांच्या वाट्याला एवढं तरी आलं.