सत्तरचा आकडा आणि औंसभर चांदी

न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याने पिशवीतून अमेरिकन सिल्व्हर ईगलची आठ नाणी काढून माझ्यापुढे मांडली. प्रत्येक नाणे कडक पारदर्शक डबीत कायमचे बंद, वर लेबल : एमएस-७०. म्हणजे भिंगाखालीही निर्दोष. दहा वर्षांपूर्वी प्रत्येकामागे त्याने चांदीच्या भावाच्या दुपटीहून अधिक मोजले होते. आज तिथला व्यापारी लेबलाबद्दल फारसे काही द्यायला तयार नाही. वजन विचारतो आणि त्या दिवसाचा भाव सांगतो. "मामा, सध्या मंदी आहे. थांबलो तर येईल भाव," भाचा म्हणाला.

मंदी कसली? २०११ साली औंसाला ५० डॉलरच्या उंबऱ्यावरून परत फिरलेली चांदी २०२५ च्या ऑक्टोबरात तो उंबरा ओलांडून गेली. भाच्याला तारले ते चांदीने. पडली आहे ती चांदीवर चढवलेली आकड्याची किंमत, आणि ती पडणे योग्यच आहे असे माझे ठाम मत आहे. दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही, हे आपल्या घरातल्या कुठल्याही आजीला ठाऊक असते. इथे तर घडणावळही नव्हती. होते फक्त प्रमाणपत्र.

"पण सत्तर दर्जाचे नाणे दुर्मीळ असते," हा त्याचा दुसरा मुद्दा. झिजलेल्या जुन्या नाण्यांच्या बाबतीत वरचा दर्जा दुर्मीळ असतोच. मुळात हे माप डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी बसवले. सत्तर दर्जाचा सेंट एक दर्जाच्या सेंटच्या सत्तरपट मोलाचा, असा तो हिशेब होता. शंभर-दीडशे वर्षे हातोहात फिरूनही जे शाबूत राहिले, त्याचे ते मोल. सिल्व्हर ईगल मात्र बाजारात फिरतच नाही. टांकसाळीतून वीस-वीसच्या नळ्यांत, पाचशेच्या पेटीत ते बाहेर पडते. एकट्या २०१५ साली अशी ४ कोटी ७० लाख नाणी विकली गेली. यंत्राने नेटके पाडलेले नाणे नेटके निघाले, तर त्यात दुर्मीळ काय? शिवाय 'सत्तर' ठरलेल्यांची मोजणी वाढतच जाते. ईगलचेच १९९५-डब्ल्यू हे प्रूफ नाणे खरोखर कमी, ३०,१२५ च निघाले. २०१३ मध्ये त्याच्या एका सत्तर दर्जाच्या नमुन्याला लिलावात ८६ हजार डॉलरच्या वर बोली गेली. पुढे त्याच दर्जाची आणखी नाणी समोर आली आणि भाव त्या उंचीवर राहिला नाही. 'पहिल्या तीस दिवसांतले' असे सांगणाऱ्या लेबलांचे तर बोलायलाच नको. नाण्यात त्याने रतीभरही फरक पडत नाही.

भाच्याचे एक नाणे मी खिडकीशी नेऊन तिरपे धरले. त्यावरच्या लिबर्टीच्या झग्यावर मोहरीएवढा दुधाळ ठिपका होता. दर्जा ठरला तेव्हा तो नसेल. चांदीवर असे डाग मागाहून उमटतात, बंद डबीतही. ठिपका पुसता येत नाही, आणि वर सत्तर लिहिलेलेच आहे.

म्हणून ग्रेडिंग म्हणजे निव्वळ लूट, असे कोणी म्हटले तर तेही मला मान्य नाही. दर्जा ठरवणाऱ्या संस्था, पीसीजीएस १९८६ साली आणि एनजीसी १९८७ साली, उभ्या राहिल्या, कारण अस्सल-नकलीचा आणि दर्जाचा वाद व्यापाऱ्याच्या शब्दावर सुटत नव्हता. आपल्याकडचा १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया घ्या. तो इतका दुर्मीळ की १९३८ च्या आठावर कारागिरी करून नऊ बनवणारे निघाले. तिथे जाणत्याच्या नजरेचे आणि शिक्क्याचे पैसे मी आनंदाने देईन. आजच्या औंसभर चांदीला मात्र असला साक्षीदार लागत नाही, वजनकाटा आणि कसोटी पुरतात.

भाच्याला मी तो ठिपक्याचा ईगल डबी फोडून हातात घ्यायला सांगितला. अडॉल्फ वाइनमन यांनी १९१६ च्या अर्ध्या डॉलरसाठी घडवलेली ती उगवत्या सूर्याकडे चालणारी लिबर्टी त्याने आजवर प्लास्टिकमधूनच पाहिली होती. त्याने कडेच्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ नाणे खाली ठेवले नाही.