धावण्याआधी छाती तपासा

शाळेच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की मैदान आखतात. कबड्डी, खो-खो आणि धावण्यासाठी मुले निवडतात. जो जोरात पळतो तो संघात. पण पळणाऱ्याचे हृदय कसे आहे हे कोणी विचारत नाही. ते आधी विचारावे, असे माझे मत आहे.

हृदय आपल्या मुठीएवढे असते. आपण झोपलो तरी ते चालते. पळताना त्याला जास्त काम पडते. काही मुलांच्या हृदयाला जन्मापासून छिद्र असते. कधी घसा दुखून ताप येतो, मग सांधे सुजतात. हे दुखणे अंगावर काढले तर हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. मूल वरून चांगले दिसते, पण पळताना फार दम लागतो, छातीत दुखते, चक्कर येते. मग आपण म्हणतो, "लय आळशी हाय!" "काहून बसली वं?" आजाराला आळस म्हणणे बरोबर नाही.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात डॉक्टर व नर्सबाई वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांना तपासतात. छातीला नळी लावून ठोके ऐकतात. शंका आली तर मोठ्या दवाखान्यात पाठवतात. पैसे लागत नाहीत. हृदयाच्या ऑपरेशनलाही मदत मिळते. पण कापूस वेचायचा असला की काही मुले त्या दिवशी घरीच राहतात. काही मुले संघातून काढतील म्हणून सांगत नाहीत. मुलीचे तर घरचेच लपवतात. म्हणतात, पुढे लग्न जमणार नाही. पण आधी जीव, मग लग्न!

इटली देशात १९८२ पासून स्पर्धेत खेळणाऱ्यांच्या हृदयाचा आलेख आधी काढतात. तपासणीत सगळेच सापडते असे नाही. १२ जून २०२१ रोजी डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन भर सामन्यात कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. लगेच छाती दाबून आणि यंत्राने झटका देऊन त्याला वाचवले. २०२२ मध्ये तो पुन्हा खेळला. म्हणून छाती दाबायला मोठ्या माणसांनी शिकावे.

पालकांनो, माझे म्हणणे एवढेच आहे. डॉक्टरांची गाडी स्पर्धेच्या आधी यावी, असे आपण सर्वांनी मागावे. त्या दिवशी मुलाला शेतात नेऊ नये. मूल खेळताना बेशुद्ध पडले असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक वारले असेल, तर डॉक्टरांना सांगावे. ज्याला डॉक्टर पळू नको म्हणतील त्याला गुण लिहायला, शिट्टी वाजवायला घ्यावे. तोही संघातलाच.

मित्रांनो, भिऊ नका. बहुतेकांचे हृदय चांगलेच असते. आधी तपासा, मग पोटभर खेळा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी, रोहिणखेड